माजघरातला फोन

गेल्या दिवाळीला मुलानं पुण्याहून माझ्यासाठी नवा फोन आणला. जुना मी सहा वर्षं वापरला होता. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत संपायची, पण घरात कुठंही बसून बोलता यायचं. नव्याचं सगळं छान, फक्त रेंज नाही. आमचं घर बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत, तापीपासून जवळ. रावेरला माझी मावशी असते. तिचं माहेर इथलंच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येतो आणि दिवाळीनंतर तो लागेनासा झाला. त्या सहा-सात महिन्यांत जे कळत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. फोनवरच्या दांड्या म्हणजे मोजमाप नव्हे. मी त्यांच्यावर पंचांगासारखा विश्वास ठेवत होते. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे ज्याची ती कंपनी ठरवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट जागी धरला की रेंज पडते अशी ओरड झाली, तेव्हा खुद्द अॅपलनं कबूल केलं होतं की दांड्या दाखवण्याचं त्यांचं गणितच चुकीचं होतं. खरा आकडा फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत दडलेला असतो. तो डीबीएममध्ये येतो आणि उणे असतो. गच्चीच्या उघड्या कोपऱ्यात माझा आकडा उणे ८५ आला, माजघरात उणे ११५. तीसचाच तर फरक, असं मला वाटलं. मग समजलं की दर दहाला ताकद दहापटीनं घटते. म्हणजे गच्चीवर जेवढं पोचतं त्याचा हजारावा भाग माजघरात येत होता. तेवढ्यावरही फोन अधूनमधून लागत होता, याचंच मला नवल वाटलं.

२. ज्या भिंतींचा मला अभिमान, त्याच आड येत होत्या. विटा-चुन्याच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा आमच्या माजघरात पंख्यावर भागतं. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे कौतुकानं सांगत आले. पण सासऱ्यांचा, नानांचा, बटणांचा साधा फोन त्याच माजघरात खणखणीत वाजायचा, आणि माझं कोडं तिथंच होतं. उत्तर लहरीच्या लांबीत निघालं. नानांचा फोन टू-जीवर, ९०० मेगाहर्ट्झवर चालतो. ती लहर साधारण फूटभर लांब, जाड भिंतीतूनही वाट काढते. माझ्या जुन्या फोनमध्येही बोलायच्या वेळी कॉल टू-जीवर उतरायचा. फाइव्ह-जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. त्याचा मुख्य पट्टा ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, म्हणजे लहर जेमतेम नऊ सेंटिमीटरची. ती वेगानं भरपूर माहिती वाहून नेते, पण भिंतीत विरून जाते. नवा फोन वेगाच्या मागे लागून त्या क्षीण लहरीला धरून बसायचा. सेटिंगमध्ये फाइव्ह-जी बंद करून फोर-जीवर आणला आणि ओसरीपर्यंत तरी बोलता येऊ लागलं. माजघर मात्र मुकंच राहिलं.

३. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की दोष नव्या, महागड्या वस्तूच्या माथी जातो. दिवाळीआधी गच्ची गळत होती म्हणून आम्ही वरच्या खोलीवर लोखंडी पत्रे घातले, आणि त्याच महिन्यात फोन आला. वरच्या खोलीत रेंज नाही ती फोनमुळेच, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. लोखंडी पत्रा लहरी परतवून लावतो, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शेजारणीनं सांगितलं. तिच्या जुन्या फोनचा आकडाही तिथं पडलेलाच निघाला.

४. सिमही म्हातारं होतं. माझं सिम पूर्वी मोठं होतं, दुकानात कटरनं कापून बारीक केलेलं. नवं घेतल्यावर कॉल मध्येच तुटणं थांबलं. दहा मिनिटांचं काम होतं.

५. सरहद्द फोनच्या पोटातही असते. हा धडा मला सगळ्यात महाग पडला. फोन सारखा नेटवर्क शोधत फिरतो म्हणून बॅटरी जाते, रेंजही टिकत नाही, असं कुणीतरी सांगितलं. म्हणून मी ‘नेटवर्क आपोआप निवडा’ बंद केलं आणि यादीतून आपल्या कंपनीचं नाव हातानं निवडून टाकलं. चार दिवसांनी मावशीला भेटायला गाडीनं रावेरला गेले. बुऱ्हाणपूर सोडलं की थोड्याच वेळात महाराष्ट्र लागतो. आमच्या सोयरिका तिकडच्या, केळीचे व्यापारी तिकडचे, बोलणंही एकच. त्यामुळे आम्हा बुऱ्हाणपूरकरांना राज्य बदलल्याचं जाणवत नाही. फोनला जाणवतं. एकाच कंपनीचं मध्य प्रदेश-छत्तीसगडचं सर्कल वेगळं आणि महाराष्ट्र-गोव्याचं वेगळं, दोघांचे नेटवर्कचे क्रमांकही वेगळे. मी हातानं इकडचं निवडून ठेवल्यामुळे फोन तिकडचं धरेना. पडद्यावर फक्त आणीबाणीच्या कॉलची सूचना. मी मावशीशी मनसोक्त बोलत बसले, खिशातल्या यंत्राची आठवणही झाली नाही.

त्या दुपारी नाना न्हाणीघरात घसरले. शेजारणीनं मला अकरा वेळा फोन लावला. परतताना बुऱ्हाणपूर जवळ आलं आणि ते सगळे अकरा मिस कॉल एकदम आले. आमच्या लालबागच्या स्टेशनवर उतरून रिक्षात बसेपर्यंत माझे हात थरथरत होते. नानांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, शेजारणीनं डॉक्टरही आणले होते. ‘तू आलीस ना, झालं,’ एवढंच ते म्हणाले. ते सेटिंग मी त्याच रात्री परत आपोआपवर केलं. सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला आता मी हे आवर्जून सांगते.

६. रेंज नाही ही गोष्ट माणसाला दिसत नाही, त्याला फक्त आपलं मौन दिसतं. मुलाला वाईट वाटेल म्हणून फोनची अडचण मी त्याला सांगितलीच नाही. ‘आई, फोन आवडला ना?’ तो विचारायचा आणि मी हो म्हणायचे. तिकडे मावशीला रोज सातला तेच ऐकू यायचं, की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे. तिनं एक महिना लावून पाहिला आणि मग सोडून दिलं. माघात हळदीकुंकवाला भेटलो तेव्हा तिनं हळूच विचारलं, ‘माझं काही चुकलं का गं?’ पंच्याहत्तर वर्षांची मावशी, आणि चूक स्वतःत शोधत होती. भिंतीची जाडी, पत्रे, सिम हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. पण एक साधं पोस्टकार्ड टाकणं किंवा नानांच्या फोनवरून तिला एक फोन करणं मला इतके दिवस का सुचलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मुलालाही शेवटी सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं तिथूनच बोलत बोलत वाय-फाय कॉलिंग सुरू करून दिलं. आता घरातल्या वाय-फायवरून कॉल जातो, टॉवरची गरज पडत नाही. वर्षानुवर्षं ही सोय फोनमध्ये असते आणि कुणी सांगत नाही.

७. लाइट गेली की राउटरही जातो, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट जातेच. परवा संध्याकाळी नेमकी सातला गेली. मी फोन घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसले. तिथं आकडा उणे ९२ असतो, बोलायला पुरेसा. आमच्या ओळीतली लाइट गेली होती, पण मागच्या गल्लीचा फीडर वेगळा असल्यानं तिथले पॉवरलूम चालू होते. दोन फूट भिंतीआड बसून बोलताना तो खटखटाट कधी फोनमध्ये जात नसे. माझ्या कानाला तर तो इतका सवयीचा की ऐकूच येत नाही. मी नानांच्या गुडघ्याबद्दल सांगत होते. पलीकडून हुंकार येईना. रेंज गेली असं वाटून मी दोनदा ‘हॅलो, हॅलो’ केलं.

‘आहे गं, ऐकतेय,’ मावशी म्हणाली. ‘माग चालू आहेत ना मागं? तू नको बोलूस. फोन जरा तिकडे धर.’