अणुबाँब आणि निःशस्त्रीकरण

मोठ्या संख्यांचा अर्थ मनांत ठसावयाचा असेल, तर ओळखीचें माप हातीं घ्यावें. असें एक माप आमच्या आपट्याच्या जवळच आहे.

ता. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकीन' हें जहाज उभें होतें. त्यांत कापसाच्या गांठी व सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्यें भरलेलीं होतीं. दुपारीं आग लागली आणि चारनंतर दोन भयंकर स्फोट झाले. शेकडों माणसें दगावलीं, हजारों बेघर झालीं. तो आवाज ५० मैलांपर्यंत ऐकूं गेला. आपटा तर सरळ रेषेनें सुमारे २० मैलांवर आहे.

आतां ६ ऑगस्ट १९४५ ची सकाळ घ्या. हिरोशिमावर पडलेल्या एका बाँबची शक्ति सुमारे १५,००० टन स्फोटकांइतकी, म्हणजे गोदींतील सांठ्याच्या दसपटीहून अधिक होती. त्यांतील जेमतेम एक किलो युरेनियमचें विभाजन झालें होतें! तीन दिवसांनीं नागासाकीवर दुसरा बाँब पडला. वर्षाअखेर दोन्ही शहरांत मिळून सुमारे दोन लाख माणसें मृत्यु पावलीं. मुंबईंत जखमींकडे मदत धांवून आली. हिरोशिमांत बहुतेक वैद्य व परिचारिका स्वतःच मृत वा जखमी होत्या.

या बाँबांमुळें युद्ध लवकर संपलें, असें कित्येक म्हणतात. हा युक्तिवाद हलक्यानें झटकण्याजोगा नाहीं. तथापि जीं शाळकरी मुलें भाजून मेलीं, त्यांनीं युद्ध पुकारलें नव्हतें. शिवाय एकाजवळ अस्त्र आलें कीं दुसऱ्यासहि तें हवेंसें वाटतें. १९४९ मध्यें रशियानें, व पुढें १९७४ आणि १९९८ मध्यें आपल्या देशानेंहि चांचण्या केल्या. आज नऊ राष्ट्रांजवळ सुमारे १२,००० अणुअस्त्रें आहेत.

मग निःशस्त्रीकरण हें केवळ स्वप्न काय? नव्हे. १९८६ च्या सुमारास हीच संख्या ६०,००० हून अधिक होती. मुख्यतः करार व तपासणी यांनीं ती घटली. रासायनिक अस्त्रांचा आपला सांठा भारतानें जाहीर केला व १९९३ च्या करारान्वयें, परकीय तपासनिसांच्या देखरेखीखालीं, २००९ पर्यंत नष्ट केला. त्यानें देश दुबळा झाला नाहीं.

क्रीडांगणावर दोघे मुलगे दगड उगारून उभे राहिले, तर आम्ही एकासच दगड टाकावयास सांगत नाहीं. दोघांनींहि आमच्यासमोर, एकदमच टाकावे, असें सांगतों. राष्ट्रांसहि हाच मार्ग आहे. यशया संदेष्ट्यानें ज्या दिवसाची आशा धरिली, तो आपोआप उजाडावयाचा नाहीं. मूठ प्रथम उघडावी लागते.