पावणेपाच लाखांचा कॅमेरा आणि आजऱ्याचा पाऊस

निकॉनचा झेड ९ ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाला. भारतात नुसत्या बॉडीची किंमत ठरली ४,७५,९९५ रुपये. लेन्स, कार्ड, जादा बॅटरी हे सगळं त्यावर. आजऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात एवढ्या पैशात काय काय उभं राहतं, ते वेगळं सांगायला नको. तरीही लग्नसराई संपत आली की कुणीतरी स्टुडिओवाला हमखास विचारतो, "दादा, एकदाच टॉपचं मॉडेल घेऊन टाकावं म्हणतोय. घेऊ का?" चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तो हाच कोल्हापूर जिल्हा, कॅमेऱ्याचं वेड इथे नवं नाही. मी झेड ९ मंगल कार्यालयात वापरला आहे आणि भर पावसात हिरण्यकेशीच्या काठावरही. त्याचं कौतुक खरं आहे. त्याच्या अडचणीही खऱ्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याचशा माहितीपत्रकात सापडत नाहीत.

आधी कौतुक. अंतरपाट खाली येतो आणि अक्षता उडतात तो क्षण डीएसएलआरवर पकडणं म्हणजे अंदाजाचा खेळ असायचा. बटण दाबलं की आरसा वर जाणार, तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार आणि सोबत खटखट. मिररलेसमध्ये आरसाच नाही. झेड ९ सेकंदाला २० रॉ फोटो काढतो, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तुटत नाही आणि आवाज बंद केला तर मंगलाष्टकांत कुणी मान वळवूनही बघत नाही. मुंडावळ्यांच्या आडून नवरीचा डोळा तो बरोबर शोधतो आणि सोडत नाही. सोनीचा ए१ (जानेवारी २०२१) आणि कॅननचा ईओएस आर१ (जुलै २०२४) हेही याच पंगतीतले.

या वेगाचं गुपित स्टॅक्ड सेन्सरमध्ये आहे. साध्या मिररलेसचा सेन्सर एकेक ओळ करत सावकाश वाचला जातो, म्हणून आवाज बंद ठेवून काढलेल्या फोटोत ढोलाची टिपरी वाकडी दिसते. स्टॅक्ड सेन्सरच्या पाठीलाच स्मृतीचा थर असतो, त्यामुळे वाचन फार लवकर उरकतं. झेड ९ मध्ये साधारण १/२७० सेकंदात. निकॉनला त्याची इतकी खात्री होती की त्यांनी झेड ९ मधून यांत्रिक शटर काढूनच टाकलं. झिजायला शटर नाही, दुरुस्तीचा एक मोठा खर्च गेला. पण कार्यालयातली पहिली अडचणही नेमकी तिथूनच सुरू होते.

आता स्टेजमागे एलईडी भिंत असते, कमानीवर एलईडी पट्ट्या, वर रंगीत पार लाइट. हे दिवे डोळ्यांना स्थिर दिसतात, प्रत्यक्षात ते सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लुकलुकतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जात असताना काही ओळी उजेडात येतात, काही अंधारात. नवरीच्या शालूवर, कधी थेट चेहऱ्यावर, फिकट-गडद आडवे पट्टे उमटतात. मागच्या स्क्रीनवर लहान आकारात ते जाणवत नाहीत. रात्री संगणकावर फाइल उघडली की एकामागून एक दिसू लागतात. एका लग्नात मी हे पट्टे वेळेवर पाहिले ते केवळ पहिल्या दहा मिनिटांत फोटो मोठा करून बघायची सवय होती म्हणून. तुम्हीही ही सवय लावून घ्या. हॉलमध्ये पाऊल टाकलं की स्टेजचा एक फोटो काढायचा, शंभर टक्के मोठा करायचा, मग पुढचं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट, साधे बल्ब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात, म्हणून १/५० किंवा १/१०० वर शटर ठेवलं की बहुतेक त्रास मिटतो. एलईडी भिंतीला हा उपाय पुरत नाही. त्यासाठी झेड ९ ला नंतरच्या फर्मवेअरमधून शटरचा वेग बारीक टप्प्यांनी सरकवण्याची सोय मिळाली. पट्टे विरेपर्यंत तो वेग फिरवायचा. ती सोय मेनूत शोधून आधीच एखाद्या बटणावर घेऊन ठेवा, वरमाला हातात आल्यावर शोधायला वेळ नसतो. ए१ आणि आर१ मध्ये यांत्रिक शटरही आहे, ही लग्नवाल्यांसाठी माझ्या मते मोठी जमेची बाजू. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या सोनी ए९ थ्रीचा सेन्सर तर सगळ्या ओळी एकाच क्षणी वाचतो. त्यात पट्टे येत नाहीत, वाकडी टिपरीही नाही, शिवाय फ्लॅश कुठल्याही वेगाला चालतो. बदल्यात त्याचा सर्वांत कमी मूळ आयएसओ २५० आहे आणि सावलीतला तपशील उचलताना तो इतरांपेक्षा लवकर थकतो.

आता पाऊस. आजऱ्याहून आंबोली जवळ आहे आणि तिथला पावसाळा म्हणजे बेडकांचा हंगाम. फक्त त्याच परिसरात सापडणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली टोड, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करणारा मलबार ग्लायडिंग फ्रॉग. यांच्यासाठी लोक लांबून येतात. अशा ठिकाणी आवाज न करणारा, अंधारात फोकस धरणारा कॅमेरा सोन्यासारखा वाटतो. पण 'वेदर सीलिंग' म्हणजे नेमकं काय, हे इथे कळतं. ते थेंब अडवतं, दमट हवा नाही. लांब होणारी झूम लेन्स पुढे-मागे केली की ती बाहेरची हवा आत ओढते, आणि जुलैतली आमच्याकडची हवा म्हणजे जवळपास पाणीच. बॅग बरेच दिवस बंद राहिली, की लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसू लागतात. ती बुरशी. किंमत कितीही असो, ती भेदभाव करत नाही. इकडे राहायचं तर ड्राय कॅबिनेट ही चैन धरू नका. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका, काचेवर धुकं धरतं. आणि कॅमेरा कितीही चांगला असला तरी बेडूक हाताने उचलून सोयीच्या फांदीवर ठेवायचा नाही.

वीज हा वेगळाच विषय. पावसात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही. निकॉनचाच डीएसएलआर, डी६, प्रमाणित चाचणीत एका बॅटरीवर साडेतीन हजारांवर फोटो काढतो; झेड ९ चा आकडा ७०० च्या आसपास, ए१ चा व्ह्यूफाइंडर वापरून ४३०. सलग फटाफट काढले तर प्रत्यक्षात याहून बरेच जास्त निघतात, पण बेडकाची वाट बघत व्ह्यूफाइंडर चालू ठेवला की बॅटरी नुसती वितळते. झेड ९ यूएसबी-सीवरून चार्ज होतो; चांगल्या क्षमतेची पॉवर बँक जवळ असू द्या.

कार्डाचा हिशेब बहुतेकजण विसरतात. एक पूर्ण दर्जाची रॉ फाइल साधारण ५० एमबीची. सेकंदाला वीस म्हणजे सेकंदाला एक जीबी. त्यासाठी सीएफएक्स्प्रेस कार्ड लागतं, आणि ऐन वरातीत ते भरलं तर चौकातल्या मोबाइलच्या दुकानात मिळणार नाही. मग त्या फाइली झेपणारा संगणक, हार्ड डिस्क, बॅकअप. बॉडीच्या किमतीत हा खर्च धरला नाही, तर पुढचा हंगाम हप्ते फेडण्यातच जातो.

बारा बाय छत्तीसच्या अल्बमला झेड ९ चे ४५ मेगापिक्सेल लागत नाहीत. २४ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयला वीस बाय तेरा इंच छापता येतो, आणि एका पानावर एवढा मोठा फोटो क्वचितच बसवतात. ज्यांचं पोट लग्नावर आहे, त्यांनी एक मधल्या किमतीचा मिररलेस, दुसरी राखीव बॉडी आणि उत्तम लेन्स घ्यावी. ज्यांना झेड ९ चाच सेन्सर हवा, त्यांच्यासाठी मे २०२३ मध्ये आलेला झेड ८ आहे: सेन्सर तोच, प्रोसेसर तोच, वजन १३४० ग्रॅमऐवजी ९१०. बॅटरी मात्र लहान. पक्षी आणि वन्यप्राणी टिपणाऱ्यांना मोठ्या बॉडीचा खरा उपयोग आहे, पण त्यांनीही पैसे आधी लांब लेन्सवर घालावेत. आजरा-चंदगडकडे हत्ती येतात. तोकडी लेन्स घेऊन त्यांच्या जवळ जाण्याचा मोह कुठल्याही कॅमेऱ्याने टळत नाही.

शेवटचं सांगायचं ते एवढंच: घेण्याआधी हा कॅमेरा मोठ्या शहरातून दोन-तीन दिवस भाड्याने आणा आणि तुमच्याच नेहमीच्या कार्यालयात, तुमच्याच दिव्यांखाली चालवून बघा. समाधान झालं तर भारतातली वॉरंटी असलेलाच घ्या, पक्कं बिल मागा, आणि विम्याचा कागद त्याच आठवड्यात करून घ्या.