कोर्टाचा कागद लेकरापासून लपवू नका

रत्नागिरीच्या मांडवीतल्या आई-बाबांनो, आज तुमच्याशी एका कागदाबद्दल बोलायचंय. लेकराचा संसार मोडायला आला की तुम्ही किती गोष्टी आतल्या आत गिळता, ते मी पाहते. त्या गिळण्यातूनच एक चूक घडते आणि तिचं नुकसान लेकराला पुढे वर्षानुवर्षं भोगावं लागतं.

मुलगा मुंबईला नोकरीला, नाहीतर बोटीवर. घरी तुम्ही दोघंच. आषाढातल्या भर पावसात बेलिफ दारात येतो. 'अमुक इथेच राहतात ना?' आई पदराला हात पुसून सही करते. कागदावर सुनेचं नाव, घटस्फोटाचा अर्ज, हजर राहायची तारीख. बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात आणि कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. 'आत्ता कशाला त्याच्या डोक्याला ताप? गणपतीला येईलच, तेव्हा समोर बसवून सांगू.'

माया कळते मला. पण ज्याच्या नावाचं समन्स आहे तो घरी नसेल आणि लवकर भेटण्यासारखाही नसेल, तर घरातल्या कुणाही सज्ञान माणसाच्या हाती ते देता येतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूदच आहे. म्हणजे आईने सही केली की मुलाला समन्स पोचलं असं कोर्ट धरू शकतं. तिथून कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्याचे 30 दिवस सुरू होतात. कारण दाखवून मुदत मागितली तर ती 90 दिवसांपर्यंत वाढू शकते, पण मागायला कुणीतरी जायला हवं ना! गणपती येईपर्यंत ते 30 दिवस सरलेले असतात आणि पहिली तारीखही बहुधा होऊन गेलेली असते.

काही घरांत याच्या उलट होतं. बाबा कागद घ्यायलाच नकार देतात. संध्याकाळी जेटीवर चार माणसं भेटतात, तिथे आपल्या घराचं नाव निघायला नको, ही भीती. पण नकार दिला तर बेलिफ त्याची प्रत दारावर चिकटवून जाऊ शकतो. त्यानेही भागलं नाही तर कोर्ट वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगू शकतं. ज्या अब्रूसाठी दार लावलं, तीच मग गावभर वाचली जाते.

तारखेला पुकारा होतो, कुणी उभं राहत नाही आणि अर्ज एकतर्फी चालवण्याचा हुकूम होतो. गैरहजर राहिलं की लगेच घटस्फोट मिळतो असं नाही. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, समोर कुणी नसलं तरी कोर्टाला कारणाची खात्री पटावी लागते. पण शपथपत्रावर जे सांगितलं जातं, त्याची उलटतपासणी घ्यायला आपलं कुणी नसतं. क्रूरतेचा आरोप असेल तर तो तसाच निकालपत्रात उतरू शकतो. नातवंडाचा ताबा, त्याला भेटायचे दिवस, पोटगीचा आकडा, सगळं एकाच बाजूचं ऐकून ठरायची वेळ येते. आजी-आजोबा म्हणून तुम्हालाही त्याची झळ बसते.

पोलीस धरून नेतील का, असं तुम्ही विचारता. नुसत्या घटस्फोटाच्या अर्जात तारीख चुकली म्हणून तसं होत नाही. पोटगीचं प्रकरण मात्र वेगळं. जाणूनबुजून टाळाटाळ केली तर तिथेही एकतर्फी हुकूम होतो आणि थकलेली पोटगी भरली नाही तर वॉरंट निघून तुरुंगवासही होऊ शकतो. शिवाय नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 4 नोव्हेंबर 2020 ला सांगून ठेवलंय, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. तारखा चुकवून तो आकडा कमी होत नाही, साचत जातो.

'दोघांच्या संमतीने सह्या झाल्यात, आता कशाला जायचं?' असंही कुणी म्हणतं. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात 2007 मध्ये असं प्रकरण होतं. संयुक्त अर्ज केल्यावर पुढच्या तारखांना नवरा आलाच नाही. कोर्टाने त्याची संमती गृहीत धरली आणि डिसेंबरात घटस्फोट दिला. हायकोर्टाने तो रद्द केला. मे 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं, की संमती निकालापर्यंत टिकलेली दिसली पाहिजे, गैरहजेरीवरून ती गृहीत धरता येत नाही. दोन वर्षं गेली आणि दोघंही अधांतरीच.

लेकीचा खटला असेल आणि नवऱ्याने तो मुंबईत लावला असेल, तर 'एवढ्या लांब कशी जाशील, नको जाऊस' असं म्हणून तिला बसवून ठेवू नका. खटला रत्नागिरीला वर्ग करून मागता येतो. तिने स्वतः अर्ज करायचा असेल तर बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात तो करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते. आणि अर्ज तिचाच असेल तर तारखा तिनेही पाळायच्या. ती आली नाही आणि समोरचा हजर राहिला तर अर्ज निकाली निघू शकतो.

तेव्हा कागद आला की त्याच दिवशी सगळ्या पानांचा फोटो काढून मुलाला पाठवा. पहिल्या पानावरची तारीख आणि कोर्टाचं नाव फोनवर वाचून दाखवा. रडू आलं तर येऊ दे, पण तारीख सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

आणि एखाद्या घरात एकतर्फी निकाल आधीच झाला असेल, तर 'झालं ते झालं' म्हणून गप्प बसू नका. तो रद्द करून घ्यायचा अर्ज निकालापासून 30 दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर निकाल कळल्यापासून 30 दिवस. समन्समध्ये बारीकशी चूक निघाली एवढ्यावर निकाल रद्द होत नाही, न येण्याचं पुरेसं कारण पटवावं लागतं. आजारपणाचे कागद, बोटीवर असल्याचा दाखला, जे असेल ते जमवा. अपिलाची 90 दिवसांची मुदत अपील न होता सरली की समोरच्याला दुसरं लग्न करायला कायदा आडवा येत नाही, आणि मग गुंता फार वाढतो. म्हणून निकालाच्या नकलेसाठी उद्याच अर्ज टाका.