पहिला माल आणि पेढीचे नाव

मुंबई-गोवा हमरस्ता आमच्या कासूवरून जातो, म्हणून दुकानाच्या ओट्यावर बसून मोटारी पाहण्यातच आमचे बालपण गेले. तेव्हा आमच्या कारोबारी बंधूंना आज एका मोटारीचीच हकिकत सांगतो.

कारणही तसेच आहे. यंदा आमच्या कापड दुकानाला 50 वर्षे होतात. मुले म्हणतात, अब्बा, जाहिरात करू, वडिलांच्या वेळचे काही तरी शोकेसमध्ये मांडू. मांडायला आहे काय? वडील ज्या सायकलीवर कापडाचे गठ्ठे बांधून गावोगाव फिरले ती सायकल आणि त्यांचा लोखंडी गज आम्हीच भंगारवाल्याला वजनावर दिला. त्या वेळी दुकानात जागा अडते, एवढेच आम्हाला दिसले.

अशी चूक आमच्यासारख्या लहान दुकानदारानेच केली असे नाही. विलायतेच्या रोल्स-रॉइस कंपनीची व्यापारी बाजू क्लॉड जॉन्सन नावाचे गृहस्थ सांभाळीत. 1907 मध्ये त्यांनी नव्या 40/50 अश्वशक्तीच्या मॉडेलची एक गाडी नमुना म्हणून बनवून घेतली. तिचा रंग चंदेरी होता, बाहेरच्या भागांवर चांदीचा मुलामा होता आणि नंबर होता एएक्स 201. तिला 'सिल्व्हर घोस्ट' म्हटले गेले. पुढे लोकांनी त्या जातीच्या सगळ्याच गाड्यांना हे नाव दिले, पण मुळात ते या एकाच गाडीचे.

हा नमुना जॉन्सन यांनी काचेआड ठेवला नाही. लंडन-ग्लासगो रस्त्यावर गाडी इतकी पळवली की 14,371 मैलांत बिघाडामुळे एकदाही थांबावे लागले नाही. 15,000 मैल झाल्यावर ती तपासनिसांपुढे खोलली, तेव्हा झिजलेले भाग बदलण्याचा खर्च दोन पौंडांहून थोडाच जास्त निघाला. ही खरी जाहिरात. कापड पाण्यात पिळून गिऱ्हाइकाच्या हातात देण्यासारखीच ती म्हणायची. आपल्या मुलखातही 1908 मध्ये याच जातीची एक गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून पहिली आली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली.

पण एवढे नाव मिळवून देणारी एएक्स 201 कंपनीने 1908 मध्येच विकून टाकली! नमुन्याचे काम झाले, पैसे मोकळे केले. आम्ही सायकलीचे केले तेच. फरक इतकाच की त्यांची गाडी भंगारात न जाता एका गृहस्थाकडे राहिली, चालत राहिली. 1948 मध्ये, म्हणजे 40 वर्षांनी, कंपनीने ती परत मिळवली, दुरुस्त केली आणि ठिकठिकाणी लोकांना दाखवली.

पुढचा भाग आमच्या भाऊबंदकीच्या पेढ्यांनी नीट वाचावा. 1998 मध्ये मोटारींचा कारखाना जर्मनीच्या फोक्सवॅगनने विकत घेतला. पण 'रोल्स-रॉइस' या नावाचा हक्क विमानांची इंजिने करणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होता आणि तो मिळाला बीएमडब्ल्यूला. अखेर वाटणी ठरली. 2003 पासून नाव बीएमडब्ल्यूकडे गेले, तर क्रू गावचा जुना कारखाना आणि बेंटले फोक्सवॅगनकडे राहिले. एएक्स 201 कारखान्यासोबत गेली. 1904 मध्ये रोल्स आणि रॉइस यांची पहिली भेट झाली, त्याची शताब्दी 2004 मध्ये आली. 2007 मध्ये खुद्द गाडी शंभर वर्षांची झाली. दोन्ही वेळी नाव एकाच्या दारी आणि नावाचा पुरावा दुसऱ्याच्या दारी.

मग नाववाल्यांनी काय केले? 1912 च्या आल्प्स पर्वतातल्या स्पर्धेत जेम्स रॅडली यांची रोल्स-रॉइस कात्सबर्गच्या चढावर अडली होती. तीनच गिअर होते, ते पुरले नाहीत. कंपनीने चार गिअरची पेटी बसवली आणि 1913 मध्ये त्याच आल्प्समध्ये नाव काढले. 2013 मध्ये या गोष्टीला शंभर वर्षे झाली, तेव्हा रॅडलींची 1913 ची गाडी पुढे आणली गेली. ती एका खासगी संग्राहकाची होती. सोबत त्या आठवणीची खास नवी गाडीही बाजारात आणली. विशेष हे की चढावर अडल्याची गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट तिच्यापासूनच सुरुवात केली. आमचे दुकानदार 'स्थापनेपासून एकही तक्रार नाही' असे छापतात, त्यावर कोण विश्वास ठेवतो?

ज्यांच्याकडे पहिला माग, पहिली शिलाई मशीन, पहिला ठसा किंवा पहिली चोपडी अजून शिल्लक आहे, त्यांनी आजच त्या वस्तूला चिठ्ठी बांधावी. कोणत्या साली, कोणाकडून, कितीला घेतली आणि कधी मोडली, ते तिच्यावर लिहावे. वस्तू चालती असेल तर तेलपाणी करून चालतीच ठेवावी. मेलेली मशीन रंगवून मांडण्यात अर्थ नाही. मूळ वस्तू गेली असेल तर तिच्यासारखी दुसरी आणून 'वडिलांची' म्हणून दाखवू नये. हे आम्ही मुलांना सांगितले, कारण पेणच्या बाजारातून जुनी सायकल आणायचा त्यांचा बेत होता.

आणि भावाभावांत वाटणी करताना गाळा, माल, उधारी यांच्याबरोबर पाटी कोणाची आणि जुनी चोपडी कोणाची, हेही कागदावर घ्यावे. आम्ही घेतले नाही. पाटी आमच्याकडे राहिली, वडिलांच्या हातची पहिली चोपडी धाकट्या भावाकडे पेणला गेली. गेल्या आठवड्यात आम्ही स्वतः जाऊन ती मागितली. तो म्हणाला, भाईजान, घेऊन जा, पण महिनाभरासाठी, आणि खाली माझ्या दुकानाचे नाव लिहा. आम्ही कबूल झालो. चोपडीच्या पहिल्या पानावर सायकलीची किंमत वडिलांच्या अक्षरात लिहिलेली आहे.