चीक, पान्हा आणि घाई

कोल्हापूरच्या आसपासचे गोठे हिंडण्यात माझी सगळी नोकरी गेली. गुरांच्या डॉक्टरला कुणी धन्वंतरी म्हणत नाही, आणि ते बरंच आहे. पण दुधाबद्दल आणि दूध आंबवणाऱ्या लॅक्टिक ॲसिडबद्दल चार गोष्टी कळत गेल्या. जशा आठवल्या तशा लिहिते.

१. आडवी पडलेली गाय उठवली की गावात नाव होतं, आणि नेमकं त्याच कामात डॉक्टरची करामत सगळ्यांत कमी असते. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय. काल व्याली, आज बसली ती उठेना. मान कुशीकडे वळवलेली, कान गार, नाकावरचा ओलावा गेलेला. गाईच्या रक्तात एका वेळी तीनेक ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं, आणि दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमच्या वर निघून जातं. हाडांत किलोंनी साठा आहे, पण तिजोरी भरलेली असून किल्ली सापडायला दिवस-दोन दिवस लागावेत, तशी तिची गत होते. मग शिरेतून कॅल्शियमची बाटली. गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि उठून उभी राहते. लोक माझ्याकडे बघतात, मी गंभीर चेहरा करते. कसब एवढंच की बाटली हळू सोडायची आणि स्टेथोस्कोप तिच्या छातीवरून हलू द्यायचा नाही. कॅल्शियम भसकन गेलं तर हृदयच थांबतं. मागून मालकाचं चालू असतं, "मॅडम, सोडा की जरा जोरात, डेअरीची वेळ झाली!"

यात मला सगळ्यांत भावतो तो डेन्मार्कमधल्या कोल्डिंगचा श्मिट नावाचा पशुवैद्य. १८९७ मध्ये त्यानं या दुखण्यावर सडांतून कासेत औषध सोडून पाहिलं आणि गाई उठल्या. पुढे लक्षात आलं की औषधही लागत नाही, पंपानं नुसती हवा भरली तरी गाय उठते. कास टम्म फुगली की दूध तयार होणं थांबतं आणि कॅल्शियमची गळती बंद होते. पण कॅल्शियमचा हा संबंध मांडला गेला तो १९२५च्या सुमाराला. तोवर जगभरचे पशुवैद्य सायकलच्या पंपासारखं काहीतरी घेऊन हिंडत होते आणि का ते ठाऊक नसताना गाई वाचवत होते. कधी फार शहाणपण सुचायला लागलं की मी त्यांची आठवण काढते.

२. वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही, या समजुतीशी मी पुस्तकाच्या जोरावर भांडत आले आणि बहुतेक वेळा हरत आले. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासराकडे जातच नाहीत. ती सगळी चिकात असतात, आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी आत घेतं ते जेमतेम पहिले चोवीस तास. त्यातही सुरुवातीचे काही तास खरे मोलाचे. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा. शिवाय वासरू लुचायला लागलं की जो ऑक्सिटोसिन सुटतो, तो गर्भाशयालाही आवळतो. म्हणजे आधी पाजलं तर वार पडायला मदतच. हे एवढं सगळं सांगितलं की घरातली म्हातारी शांतपणे म्हणते, "व्हय, पण आमच्यात नाही पाजत." शेवटी उपयोगी पडलं ते माझं खरवसाचं वेड. मालक कौतुकानं चिकाची किटली पुढे करतो, तेव्हा मी हात मागे घेऊन विचारते, "वासरानं प्यालं का?" मॅडम चीक नाकारतात ही बातमी गावात व्याख्यानापेक्षा लवकर पसरते.

३. दूध कसं येतं हे शिकवणं आणि ते स्वतःला येणं, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माझ्या बाळंतपणात दुसरा दिवस उलटला तरी दूध नाही. डिंकाचे लाडू झाले, हाळिवाची खीर झाली. खाटेशी येणारा प्रत्येक जण "आलं का?" असं विचारायचा, जणू मी संकलन केंद्र उघडून बसलेय. आणि आपण हजारो कासा चाचपलेल्या आहेत, याचा मला तेव्हा काडीचा आधार वाटला नाही. नंतर वाचलं तेव्हा नीट उमगलं. गाईत दूध रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन विण्याच्या आधीच उतरतं, म्हणून वासरू बाहेर येतं तेव्हा कास भरलेली असते. बाईच्या शरीरात ते उतरतं वार पडल्यावर, म्हणून खरं दूध यायला दोन ते चार दिवस जातात. तोवर येतं ते चमचा-चमचा चीकदूध, आणि बाळाला तेवढं पुरतं. आयुष्यभर गाई बघून मी बाईकडून गाईचं वेळापत्रक मागत होते.

शेतकऱ्यांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की जास्तीचा चीक फ्रीझरला ठेवा, एखाद्या पोरक्या वासराला कामी येईल. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली, ती हेच काम किती तरी जास्त काळजीनं करते, हे मला आई झाल्यावर कळलं.

४. पान्हा मागून मिळत नाही. कोल्हापुरात धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर पंढरपुरी म्हैस पाहावी. खांद्यामागे गेलेली लांबलचक शिंगं, भोवती हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या, ग्लास घेऊन उभे असलेले पैलवान, आणि ही निवांत धार देतेय. दुसरी एखादी म्हैस तिथं थेंब सोडणार नाही. कासेला हात लागला की मिनिटाभरात पान्हा सोडवणारा ऑक्सिटोसिन रक्तात येतो आणि काही मिनिटांत ओसरतो. घाबरलेल्या जनावरात ॲड्रेनालिन त्याची वाटच अडवतं. पान्ह्यासाठी थांबणं नको म्हणून काही गोठ्यांत रोज ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचतात. मग म्हैस त्या सुईची वाट बघायला शिकते आणि सुईशिवाय सोडत नाही. जनावराला अपाय करून दूध वाढवण्याच्या अशा उपायांना १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच बंदी आहे. हे सांगितल्यावर मला त्या गोठ्यात चहा मिळत नाही, एवढाच फरक पडतो.

५. त्याच कट्ट्यावरचे पैलवान आदल्या दिवशीच्या मेहनतीनं अंग धरलं की "लॅक्टिक ॲसिड साचलंय" म्हणून रगडून घेतात. रगडून घ्यावं, बरं वाटतं. पण ते ॲसिड तासाभरात स्नायूंनी, हृदयानं, यकृतानं खाऊनही टाकलेलं असतं.

६. माणसांच्या अतिदक्षता विभागात गुरांच्या डॉक्टरनं गप्प बसावं. आत्याला जंतुसंसर्ग रक्तात उतरला म्हणून दाखल केलं होतं. रिपोर्टमध्ये लॅक्टेट, म्हणजे त्याच लॅक्टिक ॲसिडचं रक्तातलं रूप, चारच्या वर. निरोगी माणसाचं दोनच्या आत असतं. आणि सलाईनच्या पिशवीवर लिहिलेलं ‘रिंगर लॅक्टेट’. मला राहवलं नाही. जे वाढलंय तेच कसं देताय? तरुण डॉक्टरनं न चिडता समजावलं की पिशवीतलं लॅक्टेट यकृत वापरून टाकतं आणि त्यातून रक्ताची आम्लता उलट कमी होते. सिडनी रिंगरच्या जुन्या द्रावणात अमेरिकेतल्या ॲलेक्सिस हार्टमननं १९३०च्या दशकात ते घातलं तेच त्यासाठी. मीच गाईंना ती पिशवी लावते, पण आत्याच्या हाताला लागल्यावर शिकलेलं सगळं पुसलं गेलं. तो म्हणाला, या आकड्याला आम्ही शत्रू मानत नाही, खबऱ्या मानतो. काही तासांनी पुन्हा तपासू, उतरतोय ना एवढंच बघायचं. ते काही तास मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काढले. गोठ्यात मालक माझ्या मागे उभा राहून काय भोगत असेल, ते तिथं समजलं. आकडा उतरला.

७. लग्नसराईत मला भीती वाटते ती उरलेल्या जेवणाची. भात, पुऱ्या, जिलेबी. फेकायचं कशाला म्हणून गव्हाणीत. त्या पिठा-साखरेवर पोटातले काही जंतू तुटून पडतात आणि लॅक्टिक ॲसिडचा पूर येतो. रवंथ थांबतो, पोटात पाणी डचमळतं, शेण पातळ आणि आंबूस वासाचं, जनावर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं. सोडा, सलाईन, नळी घालून पोट धुणं. तरी काही गाई हाताला लागत नाहीत.

अशाच एका गोठ्यात गाय वाचल्यावर मालकानं अडवलं. "मॅडम, मूरघास तर वासावरनंच आंबट असतोय. त्यो कसा चालतो मग?" प्रश्न बिनतोड होता. मूरघासात ॲसिड आधीच मुरलेलं असतं, नवा पूर येत नाही, आणि पोटात ते खाणारे वेगळे जंतू आहेत. ते त्याचं प्रोपिओनेट करतात, गाईचं यकृत त्यापासून ग्लुकोज बनवतं, आणि कास ग्लुकोजपासून दुधातली साखर. लिटरभर दुधाला सत्तरेक ग्रॅम ग्लुकोज लागतं. पण हे जंतू वाढायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, म्हणून आंबोण वाढवायचं ते मूठ-मूठ करून.

त्यानं सगळं मन लावून ऐकलं, हिशेब केला आणि म्हणाला, "म्हणजे उद्यापासनं पेंड दोन किलोनं वाढवली तर दूध वाढंल न्हवं?"