लहान वयात महाविद्यालय : तयारीचा प्रश्न

नाते येथे १८९६ साली जन्मलेले व बालपण रोह्यात गेलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांना मिळाली. १९१७ साली केंब्रिजची पदवी आणि १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत पहिला क्रमांक, ही त्यांची पुढील वाटचाल होय.

वय कोवळे असले तरी पाया पक्का होता, हे येथे ध्यानात घ्यावे. रायगडच्या किनाऱ्यावरील एखादा हुशार विद्यार्थी लवकर महाविद्यालयात जाऊ पाहत असेल, तर केवळ गुण न पाहता त्याचे स्वतंत्र वाचन, घरापासून दूर राहण्याची तयारी व खर्चाची सोय शिक्षक आणि पंचायतीने आधी पाहावी. घाईने वाचविलेले वर्ष कच्च्या तयारीमुळे पुढे वाया जाऊ शकते.