महासंगणकाची अंगे आणि त्यांचा मेळ

पाऊस येऊन गेल्यानंतर मिळालेला अंदाज शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही. अंदाज अचूक असणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर हाती येणेही महत्त्वाचे असते. २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ६ किलोमीटर अंतराच्या जाळीवर हवामानाचे गणित मांडते. पूर्वीची जाळी १२ किलोमीटरची होती. पंचायत पातळीपर्यंत अंदाज पोहोचविणे हा या प्रणालीचा हेतू आहे. हे गणित पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ या महासंगणकावर केले जाते. असा महासंगणक म्हणजे एकच अजस्र यंत्र नव्हे, तर एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांचा समूह होय. त्याची अंगे कोणती, हे येथे थोडक्यात पाहू.

समूहाची गरज

जाळीतील अंतर निम्मे केले की भूपृष्ठावरील बिंदू चौपट होतात. बिंदू जवळ आल्यामुळे गणितातील काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट वाढते. एका संगणकाला हे काम वेळेत झेपणारे नसल्याने प्रदेशाचे तुकडे पाडून ते अनेक संगणकांना वाटून दिले जातात.

नोड आणि मेमरी

समूहातील प्रत्येक संगणकास ‘नोड’ म्हणतात. त्याला स्वतंत्र पडदा वा कळफलक नसतो. कपाटासारख्या धातूच्या चौकटीत असे नोड एकावर एक बसविलेले असतात. गणन करणाऱ्या नोडमध्ये बहुधा दोन प्रोसेसर असतात व प्रत्येकात अनेक गणनकेंद्रे, म्हणजे ‘कोअर’, असतात. एकाच प्रकारची आकडेमोड प्रचंड प्रमाणावर करावयाची असेल तेथे जीपीयूची जोड दिली जाते. मात्र प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी मेमरीतून आकडे वेळेवर आले नाहीत तर तो रिकामा बसतो. हवामानाच्या गणितात हा अनुभव विशेषत्वाने येतो. संशोधक आपले काम लॉगिन नोडवर सादर करतात. तेथून ते रांगेने गणन-नोडांकडे पाठविले जाते.

जोडणीचे जाळे

जनगणनेत प्रगणक आपल्या गटाची मोजणी शेजारच्या प्रगणकाला न विचारता पूर्ण करू शकतो. हवामानाचे तसे नाही. एका तुकड्यावरील वारा व बाष्प पुढच्या क्षणी शेजारच्या तुकड्यात शिरतात. म्हणून काळाच्या प्रत्येक पावलाला नोडांना आपल्या सीमेवरील आकडे शेजाऱ्यांना कळवावे लागतात. एक नोड मागे पडला, तर बाकीच्यांना खोळंबून राहावे लागते. यासाठी इन्फिनिबँडसारखे खास जाळे वापरतात. त्यावरून छोटा निरोप सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत पोहोचतो.

या प्रश्नाशी पुण्याचा संबंध जुना आहे. १९८८ साली तेथे सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात वापरलेल्या ‘ट्रान्सप्यूटर’ या प्रोसेसरवर शेजाऱ्यांशी जोडण्यासाठी चार दुवे मुळातच दिलेले होते. ‘परम ८०००’ची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १ अब्ज क्रियांची होती. ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे त्याच्या एक कोटीहून अधिक पट आहे.

साठवण, वीज आणि शीतलन

गणनातून निघणारी माहिती एकाच डिस्कवर लिहू लागल्यास सर्व नोड तिच्या दाराशी अडतील. म्हणून ती अनेक डिस्कांवर एकाच वेळी लिहिली जाते. यंत्रे बिघडणार, हेही गृहीत धरावे लागते. एक नोड सरासरी हजार दिवसांतून एकदा बिघडतो असे मानले, तरी हजार नोडांच्या समूहात सरासरी रोज एक बिघाड होईल. यासाठी गणिताची स्थिती मधूनमधून जतन केली जाते. त्यामुळे बिघाड झाल्यास सारे काम आरंभापासून करावे लागत नाही.

नोडांनी घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत परिवर्तित होते. ती उष्णता थंड हवेने किंवा नळ्यांतून खेळविलेल्या पाण्याने बाहेर काढली नाही, तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात वा बंद पडतात. म्हणून अखंड वीज व शीतलन ही महासंगणकाची मूलभूत अंगेच समजली पाहिजेत.

उपसंहार

सारांश, महासंगणकाची योग्यता केवळ प्रोसेसरांच्या संख्येवरून ठरत नाही. मेमरी, जोडणी, साठवण, वीज व शीतलन यांपैकी जे अंग दुबळे, तेच साऱ्या समूहाचा वेग ठरविते. हा नियम यंत्रगृहाबाहेरही लागू पडतो. पर्जन्यमापकावरील नोंद चुकली, तर गणिताचा पायाच कच्चा राहतो आणि वेळेवर तयार झालेला अंदाज ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला नाही, तर महासंगणकाने वाचविलेले तास वाया जातात. या साखळीचा पहिला व शेवटचा दुवा गावातच आहे. तो बळकट ठेवणे आपल्या हाती आहे.